आधी घार पाठ करा

दिवाळीत फराळाचे डबे माळ्यावरून काढायला गेले आणि उजवा हात खांद्याच्या वर जाईचना. त्याआधी महिनाभर वेणी घालताना कळ येत होती, पण अवघडून झोपले असेन म्हणून मी तिकडे काणाडोळा केला होता. हाडांच्या डॉक्टरांनी हात धरून मागे वळवला, मी ओरडले, आणि त्यांनी शांतपणे कागदावर लिहिलं, फ्रोझन शोल्डर. चाळीस ते साठ वयाच्या बायकांमध्ये हे फार दिसतं, साखर असली तर जास्तच, आणि सुटायला वर्ष-दोन वर्षंही लागू शकतात, हे सगळं त्यांनी पावसाचा अंदाज सांगावा तशा आवाजात सांगितलं.

फिजिओथेरपिस्ट मुलगी त्यांच्यापेक्षा प्रेमळ. तिने भिंतीवर बोटं चढवत न्यायचा व्यायाम दिला, टेबलावर वाकून हात लंबकासारखा झुलवायचा दिला आणि वर म्हणाली, "रोज पाऊण तास चाला. बसून बसून तुमची पाठसुद्धा आखडलीय." ते खरंच होतं. मी घरून लोकांची जीएसटीची रिटर्न्स भरते. महिन्याची ११ आणि २० तारीख आली की मला जेवायचीही शुद्ध नसते, पण बाकीच्या सकाळी माझ्या मालकीच्या. वेताळ टेकडी घरापासून पंधरा मिनिटांवर आहे. पुणे शहरातली सगळ्यात उंच टेकडी ही. पुण्यात तीस वर्षं काढून मी तिच्यावर मोजून चार वेळा गेले होते, त्यातही दोनदा पाहुण्यांना दाखवायला.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात टेकडीच्या पायथ्याशी एक कागद चिकटवलेला दिसला: रविवारी सकाळी साडेसहा, पक्षी निरीक्षण, मोफत. आपल्याकडे ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. ५ तारखेला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ला सलीम अलींचा. दोघांच्या मधला आठवडा पक्ष्यांना दिलेला. असं काही असतं हेच मला माहीत नव्हतं. गेले.

पंचवीसेक माणसं जमली होती. बहुतेकांच्या गळ्यात दुर्बिणी, दोघांकडे तोफेएवढ्या लेन्सचे कॅमेरे. मुलीची जुनी दुर्बीण मीही नेली होती. पहिल्याच वळणावर कुणीतरी "वर, वर!" म्हणालं, सगळ्या दुर्बिणी वर गेल्या आणि माझी छातीपाशीच अडकली. डाव्या हाताने उचलून पाहिली तर ती इतकी थरथरली की नुसतं निळं काहीतरी हिंदकळताना दिसलं.

"काय होतं?" मी शेजारच्या मुलाला विचारलं.

"घार."

पुढच्या वळणावर पुन्हा "वर!" पुन्हा घार. तिसऱ्यांदा मी विचारलंच नाही.

हा मुलगा प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करत होता आणि रोज टेकडीवर यायचा, हे उतरताना कळलं. मी त्याच्यापाशी कुरकुर केली की हात वर जात नाही, दुर्बीण धरता येत नाही, मग मला काय दिसणार कप्पाळ. तर तो म्हणाला, "काकू, शिकारी पक्ष्यांना सुरुवातीला दुर्बीण लागतच नाही. आधी घार पाठ करा. पाढे करतो तशी. मग जे घार नाही, ते आपोआप डोळ्याला टोचेल."

हे मला पटलं. वीस वर्षं लोकांची बिलं बघितल्यावर खोटं बिल असंच टोचतं. त्यात नेमकं काय चुकलंय ते नंतर सापडतं.

घरात एक अर्धी कोरी खतावणी पडली होती. तिच्यात रकाने आखले: तारीख, वेळ, तपशील, घारी, घार नाही. पहिले सोळा दिवस शेवटचा रकाना रिकामा राहिला.

घार पाठ करणं वाटतं तेवढं सोपं नाही, कारण आपण ती जन्मभर न बघता बघत आलेलो असतो. घार फिरे आकाशी, लक्ष तिचे पिल्लांपाशी, हे शाळेपासून तोंडपाठ. पण तिची शेपटी कशी असते हे कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. शेपटीला मधे खाच असते. वळायचं असलं की ती शेपटी सुकाणूसारखी तिरपी करते, आधी शेपूट कलतं आणि मग अंग. पंख कोपरात किंचित मोडल्यासारखा, टोकाची पिसं हाताच्या बोटांसारखी सुटी. पण हीच घार अंगावरून वळताना शेपटीचा पंखा पूर्ण उघडते तेव्हा खाच नाहीशी होते आणि कड सरळ दिसते. या एका गोष्टीने मला चार वेळा फसवलं. चारही वेळा मी "घार नाही" मध्ये एक लिहिला आणि दुसऱ्या दिवशी खोडला. तरुण घारींच्या अंगावर फिक्या रेघा असतात, तो पाचवा घोटाळा. थंडीत उत्तरेकडून येणाऱ्या घारी थोराड, पंखाखाली फिकट डाग असलेल्या, तो सहावा. डिसेंबर उजाडेपर्यंत इथल्या घारी काड्या गोळा करायला लागल्या. एकीच्या पायात कपड्यांच्या हँगरची वाकडी तार होती, आणि ती घेऊन ती टेकडीखालच्या पंचवटीच्या इमारतींवरून इतक्या रुबाबात गेली की मला आमच्या सोसायटीच्या चेअरमनची आठवण झाली.

या काळात मी आणखी एक गोष्ट चुकीची करत होते, ती म्हणजे लवकर जाणं. पक्षी बघायचे तर पहाटे जायचं, हे सगळे सांगतात आणि ते बुलबुल, सातभाई, शिंपी यांच्या बाबतीत बरोबरही आहे. साडेसहाला टेकडीवर त्यांचा नुसता बाजार भरलेला असतो. पण साडेआठला टेकडी रिकामी होते. चालणारे खाली इडलीकडे जातात, पक्षीवाले नोकरीकडे. मोठे शिकारी पक्षी नेमके त्यानंतर हलतात. त्यांचे पंख रुंद, अंग जड. फडफडत वर जाणं त्यांना परवडत नाही. ऊन चढून खडक तापला, खडकावरची हवा गरम होऊन उठायला लागली, की ते पंख पसरून त्या हवेवर बसतात आणि गोल गोल फिरत वर जातात. आपल्या टेकडीचा कातळ काळा, लवकर तापणारा. नोव्हेंबरच्या शेवटी मी वेळ बदलली आणि नऊला निघायला लागले. ऊन लागायचं, टोपी घालावी लागायची, पायमोज्यांत कुसळं भरायची. त्या कुसळांबद्दल वेगळं लिहिता येईल. सुकलेल्या गवतातून दहा पावलं चाललं तरी दोनशे कुसळं मोज्यात घुसतात आणि धुतल्यावर जास्तच आत जातात. शेवटी मी आईची युक्ती केली, जुन्या साडीच्या पट्ट्या पोटरीला गुंडाळल्या. ध्यान दिसत होते, पण टेकडीवर नऊनंतर बघायला कोण असतं?

शेवटच्या रकान्यातली पहिली खरी नोंद मात्र टेकडीवरची नाही. २० तारखेचा दिवस होता, टेकडीवर जाणं शक्यच नव्हतं, म्हणून गल्लीतल्या महापालिकेच्या बागेत तीन फेऱ्या मारून परत यायचं ठरवलं. बागेत हास्यक्लब चालू होता. वीस-पंचवीस आजी-आजोबा हात आभाळाकडे करून हो हो हा हा करत होते. त्यांचे हात वर जातायत याचा मला किंचित मत्सरही वाटला. तेवढ्यात बाकामागच्या शिरीषावरून खार ओरडायला लागली. चिक, चिक, चिक, एका लयीत, आणि प्रत्येक चिकीबरोबर शेपटीला झटका. थांबेचना. मग दुसऱ्या झाडावरची खारही त्याच तालात सुरू झाली. दोन बुलबुल कर्कश ओरडत खालच्या फांद्यांत शिरले.

टेकडीवरच्या त्या मुलाने एकदा सांगितलं होतं की शिक्रा हा छोटा शिकारी पक्षी शोधायचा तर शिक्रा शोधू नका, घाबरलेल्यांकडे कान द्या. खारीचं तोंड जिकडे होतं तिकडे बघितलं. पर्जन्यवृक्षाच्या आडव्या फांदीवर, हास्यक्लबच्या डोक्यावर जेमतेम पंधरा फुटांवर, कबुतराएवढा राखाडी पक्षी बसला होता. छातीवर तांबूस आडव्या बारीक रेघा, इतक्या बारीक की रंग पुसट लावलाय असं वाटावं. डोळा लाल. लाल म्हणजे नर. मादीचा डोळा पिवळटच राहतो, आणि ती त्याच्याहून अंगाने मोठी असते. एका पायाखाली सरडा होता. बोटं आखूड, जाडसर, त्या सरड्याभोवती घट्ट आवळलेली. त्याने मान खाली घातली, सरड्याचं डोकं ओढून तोडलं, गिळलं, आणि मग चक्क आजूबाजूला बघितलं, पंगतीत कुणी वाढायला येतंय का बघावं तसं. खालून "हा हा हा हा" चालूच. पंचवीस माणसांचे पन्नास हात आभाळाकडे आणि एकालाही तो दिसला नाही. मी दुर्बीण आणलीच नव्हती. गरजही नव्हती.

घरी आल्यावर रिटर्न भरायच्या आधी खतावणी उघडली.

त्यानंतर खारी ऐकायची सवय लागली. भाजी आणताना, बँकेच्या दारात, कुठेही. प्रत्येक वेळी शिक्रा असतोच असं नाही, बहुतेकदा मांजर असतं. आणि कोतवाल हा फार अवलादी प्राणी आहे. तो शिक्र्याची हुबेहूब नक्कल करतो. दोनदा मी "टी-ट्यू, टी-ट्यू" ऐकून मान दुखेपर्यंत झाड धुंडाळलं आणि शेंड्यावर काळाकुट्ट कोतवाल दुभंगलेली शेपटी हलवत बसलेला. पावशाचं सोंग त्याहून मोठं. पावसाळ्यात "पेर्ते व्हा" ओरडून तो स्वतःची ओळख पटवतो, पण थंडीत गप्प असतो, आणि रंग, शेपटीवरचे पट्टे, उडण्याची ढब सगळं शिक्र्याचं. छोटे पक्षीसुद्धा त्याला बघून पळतात, तिथे माझं काय! एकदा मी छाती ठोकून शिक्रा म्हणून मुलाला फोटो पाठवला आणि त्याचं उत्तर आलं, "काकू, चोच बघा." सरळ, बारीक चोच. आकडा नाही. खोडलं.

डिसेंबरमधल्या एका सकाळचं मात्र सविस्तर सांगायला हवं. टेकडीवर जुनी दगडाची खाण आहे, तळाशी पाणी साठलेलं. खाणीच्या काठावर बसलं की समोर कातळाची उभी भिंत आणि पायाखाली खोल पोकळी. काठापासून चांगलं मागे बसायचं, हे आधीच सांगते. दगड सुटे आहेत. दहाच्या सुमाराला मी तिथे चहाचा थर्मास उघडला आणि समोर, माझ्या डोळ्यांच्या पातळीच्याही थोडं खाली, हवेत एक पक्षी थांबलेला होता.

थांबलेला म्हणजे खरोखर थांबलेला. वारा पश्चिमेकडून येत होता, त्याचं तोंड वाऱ्याकडे. शेपटीचा पंखा पूर्ण उघडा आणि टोकाला रुंद काळा पट्टा. पंख थरथरत होते, शेपटी क्षणाक्षणाला इकडे तिकडे सावरत होती, अंग हेलकावे खात होतं, आणि या सगळ्यात डोकं मात्र खिळा मारल्यासारखं एका जागी. मी मागच्या कातळावरची एक भेग धरून ठेवली आणि डोक्याशी जुळवून बघितलं. तसूभर हललं नाही. खाली कुठेतरी गवतात त्याचं काहीतरी होतं आणि त्याची नजर तिथून सुटत नव्हती. घारीने आजवर मला असं काही करून दाखवलं नव्हतं. मुख्य म्हणजे मी त्याच्याकडे वरून बघत होते. आकाशात उडणारा पक्षी खालून बघितला की पोटाचा काळा आकार तेवढा दिसतो. इथे मला त्याची पाठ दिसत होती. विटेच्या रंगाची, वर काळे ठिपके, डोकं राखाडी, पंखांची टोकं गडद. हात वर करायचा प्रश्नच नाही. गुडघ्यावर कोपर टेकवून मी दुर्बीण डोळ्याला लावली आणि त्या दिवशी ती पहिल्यांदा थरथरली नाही.

मग तो टप्प्याटप्प्याने उतरला. दहा फूट खाली, पुन्हा थांबला. पुन्हा खाली, पुन्हा थांबला. आणि शेवटी दगड पडावा तसा गवतात. वर आला तेव्हा पायात हिरवं काहीतरी होतं, बहुधा नाकतोडा, आणि तो उडता उडता पाय पुढे घेऊन चोचीने सोलत होता. तीन मिनिटं झाली असतील. चहा गार झाला.

मुलाला फोन केला. "खरुची," तो म्हणाला, "कॉमन केस्ट्रल, नर. थंडीचा पाहुणा. वारा खाणीच्या भिंतीवर आपटून वर चढतो ना, त्याला फुकटचा आधार मिळतो. आता मार्चपर्यंत तिथेच भेटेल तुम्हाला." भेटला. महिन्यातून सात-आठ वेळा तरी. पुढे पाषाणच्या बाजूला मोकळ्या जागेत वीजतारेवर कापशी दिसली, तीही अशीच हवेत थांबते. पण ती पांढरीशुभ्र, खांद्यावर काळा डाग, डोळे लालभडक, आणि थांबते जरा धसमुसळेपणाने. खरुचीपुढे तिचं थांबणं मला शिकाऊ वाटतं. हे शास्त्र नाही, माझं मत आहे.

खाणीच्या परिसरात शृंगी घुबडाची जोडी आहे का नाही, असली तर कुठे, हे मी लिहिणार नाही. एकाने लिहिलं की दुसऱ्या दिवशी वीस लेन्स हजर होतात, आणि चांगला फोटो मिळावा म्हणून घुबडापुढे पांढरा उंदीर सोडणारे महाभागही आहेत. शिवाय घुबडावर आपल्याकडे अमावास्येला टपलेले लोक असतात ते वेगळेच.

वेताळबाबाच्या देवळापाशी बसून खांद्याला मलम चोळत होते तेव्हाची गोष्ट. मुलगा शेजारी बसून ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या ॲपवर त्याची यादी भरत होता. ट्यूबवरचं नाव त्याने वाचलं आणि म्हणाला, "काकू, तुम्हाला माहितीये हे काय आहे? यानेच गिधाडं मेली."

डायक्लोफिनॅक. माणसाच्या सांधेदुखीवरचं साधं औषध. नव्वदच्या दशकात ते गुरांना सर्रास टोचायला लागले, स्वस्त होतं म्हणून. औषध टोचलेलं जनावर लगेच मेलं तर त्याच्या मांसात ते उरतं, आणि गिधाडाने ते मांस खाल्लं की त्याची मूत्रपिंडं बंद पडतात. आतड्यांवर पांढरी भुकटी साचलेली गिधाडं झाडांखाली मरून पडलेली सापडायची आणि कारणच कळत नव्हतं. ते सापडायला २००४ उजाडलं. २००६ मध्ये जनावरांसाठी बंदी आली, पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना टोचणं चालूच राहिलं, म्हणून २०१५ मध्ये माणसांच्या इंजेक्शनची कुपी ३ मिलिलिटरपुरती मर्यादित केली. २०२३ मध्ये जनावरांसाठी अ‍ॅसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेनही बंद झालं. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं देशात शंभरातली एकही धड उरली नव्हती.

"मलमाने काही होत नाही," तो घाईने म्हणाला, कारण मी ट्यूबचं झाकण लावून ती पिशवीत टाकली होती. "तुम्ही लावा. तुम्हाला कुठलं गिधाड खाणार आहे!"

मी हसले. पण मला आजोळ आठवलं. माणदेशात, गावाच्या बाहेर ओढ्यापलीकडे मेलेली ढोरं टाकायची जागा होती. आम्ही पोरं नाक धरून लांबून बघायचो. बैल पडला की तासाभरात तीस-चाळीस गिधाडं, भांडत, उड्या मारत, पिसं विस्कटलेली, वास मारणारी. संध्याकाळपर्यंत पांढरी हाडं उरायची. आजी म्हणायची, ती आहेत म्हणून गावाला रोगराई नाही. गिधाडं बघण्यासाठी आता रायगडात चिरगावला नाहीतर नाशिककडे अंजनेरीला जायला हवं. मी ती फुकटात, नाक धरून, कंटाळेपर्यंत बघितलेली आहेत आणि त्यांची शेपटी कशी होती हे मला सांगता येत नाही.

मधे एका रविवारी कवडी पाटला जाऊन आलो. सोलापूर रस्त्याला, मुळा-मुठेच्या काठी. नदीवर साबणासारखा फेस, काठाला प्लॅस्टिक, वास. आणि त्यात चक्रवाक, वारकरी, शेकाट्या, सगळे मजेत. दलदली भोवत्या तिथे बघितला. पंख इंग्रजी व्हीसारखे वर धरून तो पाण्यावरून इतका खालून गेला की पाणपक्ष्यांची एकेक रांग उठत गेली, कुणीतरी चादर झटकावी तशी. बस. वासाने डोकं उठलं म्हणून तासाभरात परत आलो.

मग संक्रांत आली. दुसऱ्या दिवशी सकाळी वॉचमन बोलवायला आला, "ताई, तुम्ही पक्ष्यांचं बघता ना?" कोपऱ्यावरच्या गुलमोहरात मांजात एक घार उलटी लटकली होती. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली. बंदी असलेला तो हिरवट धागा सकाळच्या उन्हात छान चमकत होता. अग्निशमन दलाला फोन लावला. अर्ध्या तासात शिडी आली. जवानाने धागा कापला, घार टॉवेलात गुंडाळून खाली आणली आणि माझ्या हातात दिली, कारण बाकी सगळे दोन पावलं मागे सरकले होते.

मुलगा फोनवर सांगत होता. खोका घ्या, भोकं पाडा, आत कापड टाका, अंधार करा, पाणी पाजू नका, खायला देऊ नका, सारखं उघडून बघू नका. मिक्सरचा खोका सापडला. तो बंद करण्याआधीचे काही क्षण मी तिला इतक्या जवळून बघितलं जितकं अडीच महिन्यांत बघितलं नव्हतं. डोळा काळा वाटतो तो काळा नसतो, गडद तपकिरी असतो. चोच उघडी होती आणि ती धापा टाकत होती. नखं टॉवेलात रुतलेली. आणि वजन! आकाशात एवढी थोरली दिसणारी ती, हातात घेतल्यावर पाऊण किलो साखरेच्या पुडीएवढी. उजव्या पंखाच्या पुढच्या कडेची, खांदा आणि मनगटाच्या मधली चामडी कापली गेली होती. पंख उघडतो तो तिथल्या ताणावर. तो तिला उघडता येत नव्हता. मी खोका डाव्या काखेत धरून रिक्षात बसले.

उपचार केंद्रातल्या डॉक्टरांनी टाके घातले. चार दिवसांनी फोन केला तर म्हणाल्या, जखम भरतेय, पण पंख आखडू नये म्हणून रोज थोडा थोडा उघडून व्यायाम द्यावा लागतोय. "किती वर जातोय?" मी विचारलं. हा प्रश्न माझी फिजिओ मला रोज विचारायची, तो सवयीने तोंडून गेला. दोन आठवड्यांनी पुन्हा केला तेव्हा ती मोठ्या पिंजऱ्यात या टोकाकडून त्या टोकाला जात होती. तिसऱ्यांदा केला तर दुसऱ्याच कुणीतरी उचलला. "कुठली घार? संक्रांतीच्या घारी खूप आहेत हो आमच्याकडे." मी गुलमोहर, अग्निशमन दल, मिक्सरचा खोका, सगळं सांगितलं. "बघून सांगतो," म्हणाला. सांगितलं नाही. मीही मग फोन केला नाही. सोडली असेल, असं धरून चालले आहे.

माझा हात फेब्रुवारीत कानापर्यंत जायला लागला. वेणी अजून मुलगीच घालते.

२० तारीख पार पडली की दुसऱ्या दिवशी मी हक्काची सुट्टी घेते. त्या दिवशी सव्वानऊला खाणीवर जाऊन बसले. पळस फुलायला लागला होता. खरुची नव्हता, वाराही नव्हता. दहाच्या सुमाराला गोखलेनगरच्या बाजूने घारी वर चढायला लागल्या आणि मी सवयीने मोजायला लागले. चार, सात, नऊ. त्यातली एक टोचली.

काय टोचलं ते लगेच सांगता येईना. आकार घारीएवढाच, चालही आळशी. पण वळताना शेपूट कललं नाही. मी तिथेच अडकून राहिले. पुन्हा वळली, शेपूट सरळ. पंखा उघडला म्हणून खाच गेली असेल का? मिटायची वाट बघितली. मिटली तरी खाच नाही, कड कापल्यासारखी. पोट पांढरट, आणि पंखांची मागची अर्धी बाजू काळी. दोन रंगांचं कापड जोडावं तशी. आता ती माझ्या दिशेने वळली. मी दुर्बीण उचलली. उजवा हात गेला तिथपर्यंत गेला, उरलेलं काम मी खडकाला पाठ टेकून, मान मागे टाकून भागवलं. समोरून येताना मानेच्या दोन्ही बाजूंना, पंख जिथे सुरू होतो तिथे, दोन छोटे पांढरे ठिपके लकाकले. विमान उतरताना दिवे लावतं तसे. मग ती गोल फिरली, वर गेली, घारी खाली राहिल्या, आणि ती पाषाणकडे निघून गेली.

मुलाची परीक्षा होती, म्हणून फोन न करता लिहिलं.

"घारींमध्ये एक होता. शेपूट चौकोनी. खालून पांढरा-काळा."

दहा मिनिटांनी उत्तर आलं. "फोटो?"

"नाही."

"समोरून बघितला का?"

"दिवे दिसले. दोन्ही."

"मग बुटेड ईगल. लिहा काकू, खोडू नका."

पिशवीतून खतावणी काढली. पेन चालेना, ते पोटरीवरच्या साडीच्या पट्टीवर घासून चालू केलं. २१ फेब्रुवारी. १०.१०. वारा नाही. घारी ८. घार नाही १.